नेपाळ-आफ्रिकेतल्या अनाथाश्रमात सेवेला जायचंय? तिकीट काढायच्या आधी एवढं बघून घ्या

बेळगाव कॅम्पातल्या, खानापूर-निपाणीकडच्या चर्चच्या तरुण संघांत हल्ली हा प्लॅन निघतोच. उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस नेपाळला जायचं, तिथल्या एखाद्या अनाथाश्रमात राहायचं, पोरांना गाणी शिकवायची, कपडे-वह्या वाटायच्या, जमलं तर छोटं व्हीबीएस, म्हंजे सुट्टीतली बायबल शाळा, घ्यायचं. नेपाळच का, तर व्हिसा लागत नाही, गोवा एक्सप्रेसने दिल्ली, तिथनं गोरखपूर आणि सुनौलीला बॉर्डर ओलांडली की झालं. ज्यांचे नातेवाईक बाहेर आहेत ते केनिया-युगांडाचं नाव काढतात. मन चांगलं असतं, देवासाठी काहीतरी करायची तळमळ असते, त्यात मला जराही शंका नाही, आणि कुणाला नाउमेद करायला मी हे लिहीत नाहीये. पण या कामात चांगल्या मनाच्या लोकांच्याच पैशावर पोरांचं नुकसान झालेलं आहे, आणि तेही बारीकसारीक नाही, त्यामुळे जायच्या आधी काय बघायचं, काय विचारायचं, तिथं काय करायचं नि काय अजिबात करायचं नाही हे सविस्तर लिहितेय. संडे स्कूलच्या शिक्षकांनी आणि कमिटीतल्या लोकांनी तर हे वाचाच, कारण पैसे मंजूर तुम्ही करता.

पहिलं काम : ही पोरं खरंच अनाथ आहेत का ते बघा

जगात १४ कोटी अनाथ आहेत असा आकडा मिशनच्या भाषणांत सारखा येतो. आकडा युनिसेफचा आहे, २०१५ चा, खोटा नाही, पण त्यात आई किंवा बाप एकच गेलेली पोरंसुद्धा धरलेली आहेत. दोघंही गेलेली पोरं त्यात साधारण दीड कोटी. म्हंजे दहातल्या नऊ पोरांची आई नाहीतर बाप जिवंत आहे, आणि ज्यांचं कुणीच नाही त्यातल्याही बऱ्याच जणांना आजी असते, मामा असतो, मोठी बहीण असते. मग अनाथाश्रमात जी पोरं दिसतात ती कोण? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, गरिबांची पोरं. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रम ७५ टक्क्यांनी वाढले, आणि त्याच काळात देशातली अनाथ पोरं मात्र कमी होत होती. तिथल्या संस्थांतल्या चार पोरांमागे जवळपास तिघांचे आई किंवा बाप हयात होते. पोरं वाढली नव्हती, बघायला येणारे पाहुणे आणि देणगीदार वाढले होते.

नेपाळचं तर आणखी वाईट आहे आणि ते आपल्या जवळचं म्हणून नीट समजून घ्या. १९९६ ते २००६ तिथं माओवाद्यांचं युद्ध चालू होतं. वायव्येकडच्या हुमलासारख्या डोंगरी जिल्ह्यांत, जिथं गाडीरस्तासुद्धा नव्हता, तिथं दलाल जायचे, आईबापांना सांगायचे की पोराला काठमांडूला चांगल्या शाळेत घालतो, इथं ठेवलं तर माओवादी उचलून नेतील. आईबाप जमीन गहाण ठेवून, जनावरं विकून त्याला पैसे द्यायचे. काठमांडूत पोचल्यावर पोराचे कागद व्हायचे, आईबाप मेले म्हणून, आणि पोरगं अनाथाश्रमात. मग परदेशी पाहुणे यायचे, पोरांना बघून रडायचे आणि पैसे द्यायचे. आश्रम चालवणाऱ्याचं उत्पन्न पोरांच्या संख्येवर, त्यामुळे पोरं घरी पाठवायची गोष्ट कोण काढणार? आजही नेपाळचा नकाशा घेऊन बघा, हे आश्रम कुठं गोळा झालेत, तर काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन. टुरिस्ट जातात तिथं. पोरं मात्र लांबच्या डोंगरातली.

आणि हे सगळं तिकडंच होतं असं समजू नका. २०११ साली इथं दक्षिणेत, कोइम्बतूरमधल्या एका ख्रिस्ती संस्थेतून नेपाळी मुली सोडवून परत नेल्या, बौद्ध घरातल्या मुली, त्यांना ख्रिस्ती नावं दिलेली आणि परदेशातल्या देणगीदारांना सांगितलेलं की यांचे आईबाप मारले गेलेत. आईबाप हुमलात जिवंत होते, पोरींची वाट बघत. हैतीत जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतले दहा बाप्टिस्ट ३३ पोरांना बसमधे घालून बॉर्डरपार नेताना पकडले गेले. अनाथ म्हणून नेत होते, नंतर कळलं की पोरांच्या घरची माणसं जिवंत आहेत, चांगलं शिक्षण मिळेल म्हणून त्यांनीच हाताने सोपवलेली. त्या लोकांना वाटत होतं आपण देवाचं काम करतोय. म्हणूनच म्हणते, मन चांगलं असून भागत नाही.

याकोबाच्या पत्रातला पहिला अध्याय आपल्याकडे अशा प्रत्येक मिटिंगमधे वाचला जातो, शुद्ध धर्माचरण म्हंजे अनाथांचा नि विधवांचा संकटात समाचार घेणं. वाचताना विधवा आपण गिळून टाकतो. अहो, बहुतेक वेळा ती विधवाच त्या अनाथाची आई असते की! दोघांची नावं एका दमात घेतलीत आणि आपण पोराला उचलून गावाबाहेर नेतो, आईला तिथंच ठेवतो.

निपाणीत तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका बाईशी माझं याच विषयावर बोलणं झालं होतं. नवरा गेलेला, एक मुलगी चौथीत, आणि कुणीतरी सांगितलेलं की लांबच्या एका बोर्डिंगमधे जेवण, शाळा, कपडे सगळं फुकट. ती म्हणाली, "पोरीला धाडायची हौस न्हाई ताई, पण मी दिवसभर वखारीत, शाळा सुटल्यावर हिला बघायचं कुणी? तंबाखूत आणून बसवली तर शिंका देऊन देऊन डोळं लाल हुत्यात." मी विचारलं काय झालं तर नाही पाठवणार, तर तिने बोटांवर मोजून सांगितलं, चार ते सात कुणीतरी सांभाळायला, शाळेचा युनिफॉर्म-वह्या, आणि अडकलेली विधवा पेन्शन. बास. एवढ्याशा तीन गोष्टी नाहीत म्हणून एक पोरगी कुठल्यातरी संस्थेच्या रजिस्टरात अनाथ म्हणून लागली असती. हुमलातल्या, कंबोडियातल्या, युगांडातल्या आईला विचारलं तरी यादी थोडीफार अशीच निघेल. तेव्हा कुठल्याही आश्रमाला पैसे द्यायच्या आधी एकच ठेवा डोक्यात, या पोराच्या घरी काय कमी पडलं, आणि ते घरीच पुरवता आलं असतं का.

आश्रमाला काय काय विचारायचं

फोनवर, व्हॉट्सॲपवर, मेलवर, कसंही विचारा, पण जायच्या आधी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या, कारण तिथं गेल्यावर पोरं गळ्यात पडली की कुणाच्या तोंडातून प्रश्न निघत नाही.

सरकारी नोंदणी आहे का, तिचा कागद पाठवा. नेपाळात राष्ट्रिय बाल अधिकार परिषद आहे आणि परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना समाज कल्याण परिषदेची मंजुरी लागते, तेव्हा दोन्हीकडचं विचारायचं. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, बिननोंदणी चालवलं तर कलम ४२ खाली तुरुंग किंवा दंड किंवा दोन्ही आहे. बाहेरच्या देशात कायदा वेगळा असेल पण नोंदणीशिवाय पोरं ठेवणं कुठंच बरोबर धरत नाहीत. "आम्ही विश्वासाने चालवतो, सरकारी कागदांच्या मागे लागत नाही" असं उत्तर आलं तर तिथंच थांबा, पुढचं काही विचारायची गरज नाही.

मग विचारा, प्रत्येक पोराला इथं कुणी आणलं? पोलिसांनी, बालकल्याणवाल्यांनी, नातेवाईकांनी की संस्थेच्याच माणसाने गावात जाऊन? शेवटचं असेल तर फार सावध व्हा. प्रत्येकाची स्वतंत्र फाईल आहे का, त्यात गाव, आईबाप, नातेवाईक यांची माहिती आहे का, घरी परत पाठवायचा काही प्लॅन आहे का, मागच्या वर्षी किती पोरं घरी गेली? चांगली संस्था या शेवटच्या प्रश्नावर खुश होते, भरभरून सांगते. जिला पोरं गेलेली नको असतात ती विषय बदलते.

नेपाळसाठी माझा आवडता प्रश्न वेगळाच आहे. दशैंला पोरं कुठं असतात? दशैं म्हंजे त्यांचा दसरा, आपल्या दसऱ्याच्याच दिवसांत, सगळा देश गावी जातो, मोठ्यांच्या हातून टिका लावून घेतो, आणि नंतर तिहारला बहीण भावाला टिका लावते. "दशैंला तर सगळी घरी जातात, आश्रम रिकामा असतो" असं सांगितलं तर सरळ अर्थ आहे, या पोरांना घर आहे. मग ती वर्षभर इथं का, शाळेसाठी का, तर मग गावाजवळ शाळेची सोय करता येईल का, हे बोलणं तिथनं चालू होतं. आणि घर असून, आईबापाचा पत्ता असून दशैंलासुद्धा पाठवत नसतील तर त्याहून मोठा प्रश्न.

आमच्या चर्चमधे एकदा बाहेरच्या एका संस्थेची पीडीएफ फिरली होती, एकेका पानावर एकेका पोराचा फोटो आणि खाली चार ओळी. मी सगळी पानं एका बैठकीत वाचली. पहिल्या पोराचा बाप दारूने गेला आणि आई पळून गेली, दुसऱ्याचाही बाप दारूने गेला आणि आई पळून गेली, तिसऱ्याचंही तेच, शब्दसुद्धा तेच, फक्त नाव आणि वय बदललेलं. एकाही पानावर गावाचं नाव नाही. एवढ्या सगळ्या आया पळून गेल्या आणि एकीचंही गाव ठाऊक नाही? असलं काही हातात आलं की कमिटीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा.

तुम्हाला ते किती सहज घेतायत हेही बघा. बेळगावातल्या एखाद्या बालगृहात उद्या ओडिशातनं दहा अनोळखी पोरं-पोरी आली आणि म्हणाली की आम्ही पंधरा दिवस तुमच्या पोरांबरोबर राहतो, त्यांना आंघोळ घालतो, रात्री जवळ झोपवतो, तर आपण घेऊ का? घेणार नाही, घेऊच नये. मग परदेशातली संस्था तुम्हाला ओळखपत्र, पोलिसांचा दाखला, चर्चचं पत्र काहीही न मागता "या या, कधीही या" म्हणते, तर तुमच्यासारखी आणखी कोण कोण तिथं येऊन जात असेल याचा विचार करा. पोरांवर अत्याचार करणारी माणसं असलीच दारं शोधत हिंडतात. पासपोर्ट सेवा केंद्रातनं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मिळतं, ते मागितलं नसेल तरी ग्रुपमधल्या प्रत्येकाने काढायचं, पास्टरांच्या मुलानेसुद्धा.

पैशाचं थोडक्यात, खातं संस्थेच्या नावावर हवं, कुणा भाऊ-दाजीच्या नाही, आणि मागच्या वर्षाचा ऑडिट मागायचा. आपल्या ट्रस्टचे पैसे देशाबाहेर वापरायचे असतील तर आधी सीएला विचारा, टॅक्सच्या सवलतीला धक्का बसू शकतो.

एवढं करूनही जायचंच असेल तर

पोरांशी खेळायला जाऊ नका, काम करायला जा. ऐकायला कठोर वाटतं पण कारण आहे. रोमानियात बुखारेस्टला २००० सालापासून संस्थेतल्या १३६ लहान पोरांचा अभ्यास झाला, निम्मी संस्थेतच राहिली आणि निम्मी पालक कुटुंबांत दिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाशी जोडलं जाणं सगळं सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सगळ्यात जास्त. लहान पोराला एकच माणूस सारखं लागतं, दर पंधरवड्याला नवीन ताई-दादा नाही. तुम्ही आश्रमात पाऊल टाकताक्षणी तीन-चार वर्षांची पोरं येऊन मांडीवर बसतात, गळ्यात पडतात, आई म्हणतात, आणि आपले डोळे भरून येतात. घरातलं तीन वर्षांचं पोरगं अनोळखी माणसाला बघून असं करतं का? ते आईच्या पदराआड लपतं. अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारं पोरगं प्रेमळ आहे असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ते इतक्या लोकांकडून सोडलं गेलंय की आपलं-परकं करायचंच त्याने सोडून दिलंय. आणि पंधराव्या दिवशी तुम्हीही रडत रडत टाटा करून येणार, त्या यादीत आणखी एक.

त्यामुळे काम असं निवडा की जे तुम्ही परत आल्यावरही तिथं राहील. ग्रुपमधे नर्स असेल तर तिने तिथल्या मावशींना शिकवावं, अकाउंट्सवाला असेल तर त्याने हिशोब नीट लावून द्यावेत, प्लंबर-इलेक्ट्रिशियन असेल तर संडास-बाथरूमच्या दाराला आतनं कडी लावून द्यावी, हे शेवटचं तर दहा गाण्यांपेक्षा महत्त्वाचं आहे. ज्याचं शिक्षण नाही ते काम मात्र करायचं नाही. युगांडातल्या जिंजाला अमेरिकेहून आलेली एक तरुण बाई डॉक्टरकीचं शिक्षण नसताना कुपोषित पोरांचं केंद्र चालवत होती, तिथं पोरं दगावली, आयांनी कोर्टात केस घातली. बेळगावात जे इंजेक्शन द्यायची तुम्हाला परवानगी नाही ते परदेशातल्या गरीब पोराला द्यायचीही नाही.

पोराबरोबर खोलीत एकटं राहायचं नाही, दार उघडं, दुसरं मोठं माणूस दिसेल असं. बाहेर फिरायला न्यायचं नाही. फोन नंबर द्यायचा नाही, परत येईन म्हणून वचन द्यायचं नाही. आणलेल्या वस्तू पोरांच्या हातात द्यायच्या नाहीत, ऑफिसात द्या, तिथल्या माणसांच्या हातून जाऊदे, नाहीतर पोरं शिकतात की आपली मावशी काही देत नाही, परदेशातले पाहुणे देतात. आणि काही चुकीचं दिसलं, मारहाण, वाईट स्पर्श, बंद खोली, तर "आपण पाहुणे" म्हणून गप्प बसायचं नाही. बालकांच्या हेल्पलाईनचा नंबर आपल्याकडेही १०९८ आणि नेपाळातही १०९८ च आहे. हरवलेल्या पोरांसाठी नेपाळात १०४.

सुवार्ता सांगायची की नाही

यावर आपल्यात सगळ्यात जास्त वाद होतो, म्हणून स्पष्टच लिहिते. कायद्याचं आधी सांगते. नेपाळच्या २०१५ च्या संविधानात कलम २६ मधे धर्म बदलवण्याला बंदी आहे, आणि ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या फौजदारी कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. तुम्ही पंधरा दिवसांनी गाडीत बसून परत येता, नंतर पोलीस येतात ते तिथल्या पास्टरच्या दारात. आपल्या उत्साहाची किंमत त्याने का द्यायची?

पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. मराठीतले ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी आपल्या बेळगावचेच, १८३१ चा जन्म, इथल्या मिशन शाळेत शिकलेले. ते ख्रिस्ती झाले १८५४ ला, विशी ओलांडलेली, वर्षानुवर्षं वाचून, वाद घालून, घरच्यांचा विरोध सोसून. नाही म्हणायची त्यांना पूर्ण मोकळीक होती, आणि नाही म्हटलं असतं तरी रात्रीचं जेवण बंद होणार नव्हतं. आश्रमातल्या सात वर्षांच्या पोराला ही मोकळीक आहे का? ज्याच्या हातातनं ताट येतंय तोच डोळे मिटून प्रार्थना कर म्हणतोय, तर ते करणारच. त्या हो ला काय अर्थ आहे, आणि ते हो मोजून आपण इथं येऊन साक्ष देतो की इतक्या पोरांनी प्रभूला स्वीकारलं! संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आहे, भारताने १९९२ ला मान्य केलाय, नेपाळनेही केलाय, त्यात कलम १४ मधे पोराच्या विचार-धर्माचं स्वातंत्र्य आहे आणि कलम २० सांगतं की घरापासून तुटलेल्या पोराला ठेवताना त्याचा धर्म, भाषा, संस्कृती तुटू नये हे बघायचं. बौद्ध घरातलं पोरगं उद्या घरी गेलं आणि त्याला आजीशी बोलायची भाषा येत नसेल, टिका लावून घ्यायला ते घाबरत असेल, तर आपण त्याचं घरी जाणंच अवघड करून ठेवलं.

आपल्याकडच्या जुन्या मिशन बोर्डिंगांबद्दल हे बोललं की काही ज्येष्ठ दुखावतात. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा दुष्काळाच्या दिवसांत बोर्डिंगमधे जगले, शिकले, मास्तर झाले, पंडिता रमाबाईंनी १८९७ च्या आसपास दुष्काळातल्या मुली केडगावला आणून वाचवल्या, ते उपकार मोठेच आहेत आणि मी स्वतः त्याच शाळांतनं शिकलेली आहे. पण तेव्हा गावात रेशन नव्हतं, पेन्शन नव्हती, आई खरोखर मेलेली किंवा मरणाच्या दारात होती. आज तशी स्थिती नसताना तोच मार्ग चालवायचा का, हा प्रश्न आहे.

मग ख्रिस्ती म्हणून जायचंच नाही का? जा की. कुणी विचारलं तर आपण कोण ते लपवू नका, स्वतःची प्रार्थना करा, तिथल्या मोठ्या माणसांशी बरोबरीने बोला. फक्त ताट, गादी, वही, औषध यांच्याबरोबर विश्वास चिकटवून द्यायचा नाही, पोराचं नाव बदलायचं नाही, गळ्यातला धागा काढायला लावायचा नाही.

फोटोचं

पोरांचे चेहरे स्टेटसला नाहीत, चर्चच्या बॅनरवर नाहीत, निधी गोळा करायच्या व्हिडिओत तर नाहीतच. आपल्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे संस्थेतल्या पोराची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जे आपल्या देशातल्या पोरासाठी गुन्हा आहे ते दुसऱ्या देशातल्या पोरासाठी सेवा कशी होईल? मे २०२१ ला कोविडमधे ते मेसेज फिरले होते आठवतात ना, दोन गोंडस पोरं, आईबाप गेले, दत्तक घ्यायची असतील तर या नंबरवर फोन करा. आपल्यातल्या चांगल्या चांगल्या लोकांनी ते फॉरवर्ड केले. दत्तक ही गोष्ट फक्त कायद्याच्या मार्गाने होते, मेसेजने होते ती पोरांची विक्री.

पैसे दुसरीकडे कसे लावायचे

जग त्याच दिशेला चाललंय. २००९ मधे संयुक्त राष्ट्रांनी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गरिबी हे एकटं कारण पोराला घरातनं काढायला पुरेसं नाही असं साफ म्हटलंय. ऑस्ट्रेलियात पैशासाठी पोरांना अनाथाश्रमात भरणं हा आधुनिक गुलामीचाच प्रकार धरतात. केनियाने २०१७ मधे नवीन बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ मधे दहा वर्षांत पोरं कुटुंबात परत न्यायचं धोरण आणलं. म्हंजे तुम्ही केनियात नवीन अनाथाश्रम बांधायला विटांचे पैसे गोळा करत असाल तर तिथलं सरकार नेमकं उलटं करतंय हे ध्यानात घ्या.

बाहेरच द्यायचं मनात असेल तर अशी संस्था शोधा जी पोरांना घरी पोचवते, घरच्यांना शेळ्या, शिलाई मशीन, शाळेची फी देते, गावाजवळ दिवसाची शाळा किंवा पाळणाघर चालवते. ज्यांना खरंच कुणी नाही त्यांच्यासाठी नातेवाईक, पालक कुटुंब, तेही नाही जमलं तर अगदी लहान घरासारखी सोय. असल्या कामाचे फोटो चांगले येत नाहीत, घरात बसलेलं पोरगं घरात बसलेल्या पोरासारखंच दिसतं, त्यामुळे चर्चमधे पैसे गोळा करायला जास्त बोलावं लागतं. बोला.

आणि पंधरा जणांच्या जाण्यायेण्याचा खर्च एकदा कागदावर मांडा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत सरकार एका पोराला घरीच ठेवून सांभाळायला महिना ४००० रुपये देतं. तुमचा आकडा त्याने भागा, किती पोरांचं वर्ष निघतं बघा. बेळगावच्या जिल्हा बाल संरक्षण घटकात जाऊन विचारा की आमच्या भागात कुणाचे अर्ज अडकलेत, कागद गोळा करायला माणसं हवीत का. निपाणी, चिक्कोडी, सौंदत्ती, अथणीत बाप नसलेली कितीतरी पोरं आहेत जी आईजवळ आहेत पण आजचं उद्यावर ढकलत, त्यांच्यासाठी तरुण संघाने शाळेनंतरचे तीन तास चर्चच्या हॉलमधे दिले तरी एखादी पोरगी बोर्डिंगला जायची थांबते.

ज्यांचं चर्च आधीपासनं एखाद्या परदेशी आश्रमाला पैसे पाठवतंय त्यांनी हे वाचून पुढच्या महिन्यात एकदम बंद करू नका. पैसे थांबले की पहिला फटका पोरांच्या जेवणाला बसतो, चालवणाऱ्याला नाही. त्यांना पत्र लिहा की आम्ही आणखी दोन वर्षं देऊ पण यातले इतके पैसे घर शोधायला, घरच्यांना भेटायला, पोरांना सुट्टीत घरी पाठवायला लावा, एक समाजकार्यकर्ता ठेवा, त्याचा पगार आम्ही देतो, आणि दर सहा महिन्यांनी किती पोरं घरी गेली ते कळवा, नावं-फोटो नकोत, आकडा पुरे. नवीन पोरगं घ्यायचं असेल तर आधी तिथल्या सरकारी बालकल्याणवाल्यांच्या कागदावरूनच. तयार झाले तर बरं, नाहीच झाले तर त्या देशातल्या बाल अधिकार परिषदेला कळवून, पोरांची दुसरी सोय होईपर्यंत जेवणा-शाळेपुरतं देत राहा आणि बाकीचं थांबवा.